चाळीसचा बल्ब

बस्त्यांवबाब आधी झाकण उघडत नाहीत.
गुडघ्यावर बसून पियानोच्या पोटाखाली हात घालतात,
बल्ब ऊन आहे का बघतात.
चाळीसचा, पिवळा, जुन्या तारेचा.
कुडतरीच्या दमट हवेत तोच गंज लांब ठेवतो.
"एलईडी उजवाड दिता," ते म्हणतात, "ऊब दिना."
मडगावभर शोधून डझनभर घेऊन ठेवलेत,
तांदळाच्या डब्यात.

मी सांगतो काय हवंय.
सत्तरच्या दशकातला तो रॉकचा पियानो,
लाडात न येणारा,
ड्रम आणि गिटारींच्या गर्दीत कोपर मारून उभा राहणारा,
सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट टेम्पोतून उतरवावा तसा.
खोर्लीला आमच्या शेजारी रुझार तारवटी होता,
सुट्टीवर आला की खिडकीत डेक ठेवायचा.
एकच कॅसेट, लेबल उडालेलं.
मी नऊ वर्षांचा, कुंपणापलीकडे,
हातात आईने आणायला सांगितलेला कढीपत्ता.

तीन रात्री झाल्या.
झाकण अर्धं पाडलं, वर दोन गोधड्या.
एक माइक हातोड्यांच्या चार बोटं वर,
एक शेपटीकडे, जिथे आवाज उशिरा पोचतो.
हातोड्यांच्या नमद्याला लाखेचं पातळ पाणी दिलं,
कंप्रेसरचा काटा दर ठोक्याला दचकेपर्यंत.
ओडेट खांद्यातून वाजवते,
एकोणीस वर्षांची, नखं कुरतडलेली.
पंखा बंद.
टेकआधी बल्बही बंद, कारण तो माइकात गुणगुणतो,
आणि बस्त्यांवबाब दर खेपेला घड्याळ बघतात
झाकून ठेवलेल्या तान्ह्याकडे बघावं तसे.
ऐकलं.
सुंदर होतं.
म्हणजे चुकलं होतं.

शेवटी कॅसेटच लावली.
उजवा कान थोडा गेलाय त्यांचा,
डावा पुढे केला.
"टेप धांवता," म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "एका पट्टीक तीन तारो. तातूंतली एक सरकल्या."

म्हणजे आता आपण सरकवायची.
हे मी बोललो
आणि मीटरचा काटा तळाशी पडून राहिला.
त्रेचाळीस वर्षं या माणसानं
इगर्जींतली हार्मोनियमं, क्लबांतले पियानो,
मेलेल्या मावश्यांकडून वारशात आलेली खोकी,
सगळ्यांचं वाकडं सरळ केलं.
ते उठले, बाहेर बल्कांवात जाऊन बसले.
मी चहा घेऊन गेलो. बोललो नाही.

"खुरसाकडे लादाईन असते ना,"
माझ्यासाठी मराठीत म्हणाले,
"आमच्या वाड्यावर आंजेलिन होती. नेहमी केसभर वर गायची.
पोरं हसायची.
ती गेली त्या वर्षी सगळे अगदी सुरात गायले.
कोणालाच बरं वाटलं नाही."

रबराची पाचर, किल्ली.
दोन तारा जागच्या जागी,
तिसरी तीळभर.
पुढची पट्टी. पुन्हा तीळभर.
मधले तीन सप्तक, दर वेळी ओठ आवळून,
जणू झोपलेल्याच्या खिशात हात घालतायत.

ओडेटने पहिला कॉर्ड मारला
आणि माझ्या हातात कढीपत्ता होता.

मध्यरात्री मी केबल गुंडाळत होतो.
ते अजून वाकलेले,
एकेक तार परत घरी आणत.
उद्या कोणी येऊन साधंच काही वाजवायला बसलं तर,
एवढंच म्हणाले.
मग पोटाखाली हात घालून बटण दाबलं.
माझे हेडफोन काढायचे राहिले होते,
एक माइक बंद करायचा राहिला होता.
बल्ब लागला.
खालचा जी, किंचित चढा.